अँटवर्पचा पाऊस आणि पापडीची थंडी

वसईत थंडी पडते का, असं नाशिकच्या माणसाने विचारलं की आम्ही वसईकर हळूच विषय बदलतो. डिसेंबरात एखाद्या पहाटे पारा पंधरा-सोळापर्यंत उतरला की पापडीच्या बाजारात लगेच कानटोप्या आणि मफलर दिसायला लागतात, आणि नाशिककर पोट धरून हसतात. हसू देत. पण याच दिवसांत आमच्याकडे आणखी एक प्राणी दिसायला लागतो, तो म्हणजे पहाटे पळणारा माणूस. तलावाच्या बाजूने, कॅथेड्रलवरून, होळी आणि पारनाका ओलांडून थेट किल्ल्यापर्यंत. जून ते नोव्हेंबर जो रस्ता फक्त दूधवाले आणि भाजीवाले वापरतात, त्यावर अचानक रंगीबेरंगी टी-शर्ट उगवतात.

मीही गेली काही वर्षं त्या टी-शर्टांपैकी एक आहे. पाच दिवस विरार लोकल आणि कोड, शनिवारी हे असलं लिखाण, रविवारी लांब पल्ल्याचं पळणं. त्यामुळे ऑफिसात पळण्याविषयीचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. (प्रॉडक्शनमधले बग पण माझ्याकडेच येतात, असो.) मध्यंतरी आमच्यातला एक जण जर्मनीला ऑनसाइट जायचा होता आणि तिकडची मार्चमधली एक मॅरेथॉन पळायची त्याची इच्छा होती. त्याचा प्रश्न साधा होता: इथे घामाच्या धारांत पळून तिथल्या थंडीची तयारी कशी होणार? मी काही बोलायच्या आत टेबलावरचा दुसरा म्हणाला, "अरे, ते लोक बर्फात वाढलेत. आपल्या शरीराची ती ठेवणच नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की एकदा त्याचा सोक्षमोक्ष लावावा असं वाटलं. आणि शोधायला गेलो तर गंमत अशी की या प्रश्नाची परीक्षा शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. ती दिली आपल्याच दोन माणसांनी: फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. ठिकाण बेल्जियममधलं अँटवर्प, तारीख २२ ऑगस्ट १९२०, हवा थंड आणि पावसाळी.

गोष्ट सुरू होते पुण्यात. डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. आज आपल्याला डेक्कन म्हटलं की ट्रॅफिक आणि हॉटेलं आठवतात, पण तेव्हा ही खेळांना वाहिलेली एक नवी संस्था होती. १९१९ मध्ये तिचे अध्यक्ष होते जमशेटजींचे थोरले चिरंजीव, सर दोराबजी टाटा. दोराबजी केंब्रिजला शिकलेले, खेळाचे नादी. त्या वर्षी जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या, त्यांत साधारण पंचवीस मैलांची एक लांब शर्यत होती आणि तिला 'मॅरेथॉन' म्हटलं जायचं.

पळायला आले होते कोण? शेतात राबणारी गावाकडची पोरं. दोराबजींनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिलं, त्यात त्या दिवसाचं वर्णन आहे. खाणं बेताचं, अंगावर खेळाडूचे म्हणावेत असे कपडे नाहीत, पायात काही नाही, सवय कच्च्या खडबडीत रस्त्यांची. युरोपातले नियम किंवा आधुनिक सराव म्हणजे काय, याचा पत्ताच नाही. जिमखान्याच्या लोकांना शर्यतीची शेवटची फेरी खडीच्या रस्त्यावर घ्यायची होती, कारण लोकांना ते जास्त कळेल. दोराबजींनी ती गवतावर घ्यायला लावली. आणि एवढं सगळं असताना त्यांतल्या काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्यासारख्या निघाल्या!

दोराबजींच्या डोक्यात ऑलिंपिकचा किडा शिरला तो इथे. मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड त्या स्पर्धेला हजर होते. दोराबजींनी त्यांच्याकडे शब्द टाकला, आंतरराष्ट्रीय समितीची परवानगी मिळवली, पैसे जमवले, स्वतःच्या खिशात हात घातला आणि १९२० च्या ऑलिंपिकसाठी सहा जणांचा संघ उभा राहिला. धावायला पूर्मा बॅनर्जी, चौगुले, दातार आणि एच. डी. कैकाडी, कुस्तीला कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी.

तयारीची पातळी काय होती, याची एक गोष्ट सांगतात. १०० मीटरसाठी किती वेळ पात्र धरावी यावर चर्चा चालू होती. जिमखान्याचे एक वजनदार सदस्य म्हणाले, असेल एक-दोन मिनिटं. हिशोब मिनिटांचा नसतो, सेकंदांचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा असतो, हे ऐकून ते चकित झाले. आपण हसतो, पण जरा थांबून विचार केला तर हे हसण्यासारखं नाहीये. ज्या खेळाची मापंच अजून गावात पोचली नव्हती, त्या खेळाच्या सर्वांत मोठ्या परीक्षेला आपण माणसं पाठवत होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कोणी वाचलेलंच नाही आणि रिलीजची तारीख मात्र ठरलेली!

आता चौगुले. ते बेळगावचे. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होतं, आज कर्नाटकात आहे. 'फडेप्पा दरेप्पा' ही नावं कानडी वळणाची, आणि चौगुला म्हणजे गावगाड्यातला पाटलाचा मदतनीस, म्हणजे आडनाव मराठी मुलखात घरोघरी माहीत असलेलं. सीमाभागाची अख्खी कहाणी एका नावात. हा माणूस जूनच्या सुरुवातीला मुंबईहून बोटीत बसला. जूनची सुरुवात म्हणजे काय हे वसईकराला सांगायला नको: पाऊस तोंडावर, हवेत नुसती वाफ, काही न करता घाम. पुढे इंग्लंडमध्ये काही आठवडे सराव, आणि मग अँटवर्प.

शर्यतीच्या दिवशी पाऊस होता. शिवाय त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब होती. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर जागतिक संघटनेने अधिकृत ठरवलं ते १९२१ मध्ये. त्याआधी आयोजक आपापल्या सोयीने मार्ग आखायचे. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे आजपर्यंतच्या ऑलिंपिक मॅरेथॉनांपैकी सर्वांत लांब.

पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन, वेळ २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. व्यवसायाने गवंडी. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं मिळवली होती. मग महायुद्ध आलं, १९१६ चं ऑलिंपिक झालंच नाही, मधली काही वर्षं त्याने अमेरिकेत काढली. एस्टोनियाचा युरी लोसमान त्याच्यामागे अवघ्या तेरा सेकंदांनी पोचला. तिसरा इटलीचा वालेरिओ आरी, ज्याने शेवटची रेषा ओलांडल्यावर आनंदाने तीन कोलांट्या मारल्या. बेचाळीस किलोमीटरनंतर!

दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

आपल्याकडे ऑलिंपिकच्या इतिहासात १९२० चा उल्लेख येतो तो साधारण एका ओळीत: संघ गेला, पदक मिळालं नाही. (शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदकाच्या दारातून परतले, हेही त्या ओळीत नसतं.) तेव्हा जरा कॅल्क्युलेटर काढू या.

४२.७५ किलोमीटर, १०,२४५ सेकंद. भागाकार केला की दर किलोमीटरला २३९.६ सेकंद येतात, म्हणजे चार मिनिटांच्या किंचित आत. त्याच गतीने आजच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी साधारण २ तास ४८ मिनिटं ३२ सेकंद. तुम्ही पळत असाल तर चार मिनिटांचा किलोमीटर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. नसाल तर उद्या सकाळी एकच किलोमीटर तसा पळून बघा, आणि मग कल्पना करा की असे आणखी बेचाळीस बाकी आहेत. ना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, ना घड्याळ, ना जेल, ना कार्बन प्लेटचे बूट. परका देश, ओला रस्ता, थंड पाऊस.

आणि पुढचा आकडा तर मला फारच बोलका वाटतो. त्यानंतर ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकोणिसाव्या क्रमांकापेक्षा वर यायला भारताला ५६ वर्षं लागली. १९७६ मध्ये माँट्रिअलला शिवनाथ सिंग अकरावा आला, वेळ २:१६:२२. योगायोग म्हणा किंवा काही म्हणा, माँट्रिअलची शर्यतसुद्धा पावसातच झाली होती.

मग "आपल्या शरीराची ठेवणच नाही" याचं काय?

इथे थोडं विज्ञान. धावताना माणूस ढोबळमानाने दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे एक किलोकॅलरी खर्च करतो. साठ किलोचा माणूस मॅरेथॉनमध्ये अडीच हजार किलोकॅलरी जाळतो. पण आपलं इंजिन तसं वाईट आहे: त्यातला जेमतेम पाव हिस्सा पाय हलवायला लागतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे साधारण १९०० किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर काढायची आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. सगळं काम घामावर टाकलं तर तीन लिटरच्या वर घाम नुसता निघून चालणार नाही, तो वाळला पाहिजे. आणि वसईत? वसईत घाम वाळत नाही, टपकतो. समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा आधीच ओली. टपकलेला घाम अंगातलं पाणी नेतो, उष्णता मात्र तिथेच ठेवतो. डेटा सेंटरमधला एसी बंद पडला की सर्व्हर जसे आपला वेग कमी करतात, तसं आपलं शरीर करतं.

थंड हवेत हा प्रश्न बराचसा सुटतो. हवाच उष्णता ओढून नेते, घामावरचा भार उतरतो, कातडीकडे वळवावं लागणारं रक्त स्नायूंना मिळतं. म्हणूनच युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींचे निकाल तपासले की चांगल्या वेळा साधारण पाच ते दहा अंशांच्या आसपास लागलेल्या दिसतात. थोडक्यात, मॅरेथॉन पळणाऱ्याची खरी शत्रू उष्णता आहे. थंडी बरीचशी मित्र आहे.

उलटी बाजू बघायची असेल तर २०१९ सालचं दोहा आठवा. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री सुरू केली, तरी पारा तिशीच्या वर आणि दमटपणा भयंकर. ६८ जणी धावल्या, २८ जणींना मध्येच थांबावं लागलं. जगातल्या उत्तमातल्या उत्तम धावपटू होत्या त्या! आपण ऑक्टोबरमध्ये पापडीहून किल्ल्यापर्यंत पळतो तेव्हा त्याच परीक्षेची छोटी आवृत्ती देत असतो, फक्त टीव्हीवर दाखवत नाहीत.

या सगळ्यात एक फार महत्त्वाचा फरक आहे. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातल्या पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. हे बदल विकत मिळत नाहीत, उन्हात पळूनच येतात. थंडीचं तसं नाही. थंडीची तयारी बरीचशी कपड्यांची, वॉर्म-अपची आणि सवयीची आहे. म्हणजे गरम प्रदेशातून थंडीत जाणं सोपं, थंडीतून गरम प्रदेशात जाणं अवघड. २०१० मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलपटूंना गरम खोलीत सराव करायला लावला, तर त्यांची कामगिरी थंड हवेतसुद्धा सुधारली. पुढच्या काही अभ्यासांत इतका स्पष्ट फायदा दिसला नाही, त्यामुळे हा निकाल दगडावरची रेघ समजू नये. पण घामात केलेला सराव थंडीत वाया जात नाही, एवढं म्हणायला हरकत नाही.

चौगुल्यांकडे हे ज्ञान नव्हतं. त्यांच्याकडे दख्खनचं ऊन होतं. ते उणे पडले असतील तर मैदानात, नियमांत, स्पर्धांच्या अनुभवात. कोलेमाइनेन आठ वर्षांपूर्वीच ऑलिंपिक विजेता झाला होता, त्याच्या देशात धावण्याची परंपरा होती. दोघांमधलं अंतर होतं अठरा मिनिटांहून किंचित जास्त. हे अंतर रक्ताचं किंवा हवामानाचं होतं असं म्हणणं मला पटत नाही. ते संस्थांचं अंतर होतं.

अर्थात थंडीला कमी लेखायचं नाही. कोरडी थंडी वेगळी, ओली थंडी वेगळी. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन तीन-चार अंशांत, समोरून वारा आणि मुसळधार पावसात झाली. भलेभले धावपटू गारठून बाहेर पडले. जिंकला जपानचा युकी कावाउची, वेळ २:१५:५८. हा कावाउची आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावा असा माणूस आहे. तो तेव्हा सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत, एका शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ काम करत होता. नोकरी सांभाळून सराव, आणि शनिवार-रविवारच्या शर्यती हाच मोठा सराव. बोस्टनच्या साडेतीन महिने आधी, १ जानेवारी २०१८ ला, त्याच राज्यातल्या मार्शफील्ड नावाच्या गावी उणे सतरा अंशांत तो मॅरेथॉन पळला होता. ती पूर्ण करणारा तो एकटाच! वेळ २:१८:५९. म्हणजे थंडीची सवय त्याने ठरवून केली होती. पूर्णवेळ धावपटू तो झाला २०१९ मध्ये.

तर जर्मनीला जाणाऱ्या आमच्या मित्राला मी जे सांगितलं ते असं. पाया इथेच घाल, पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात. ऑफिसच्या एसीत बसणं हा थंडीचा सराव नव्हे. तिकडे गेल्यावर एक जाड अंगरखा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाल. सुती बनियन नको, ते ओलं झालं की ओलंच राहतं. हातमोजे आणि कानटोपी घे (वसईकराची कानटोपी अखेर कामाला आली). सुरुवातीच्या रेषेवर उभं राहायला एखादा जुना स्वेटर ठेव, बंदूक वाजली की काढून टाक. स्नायू थंडीत आखडतात, म्हणून वॉर्म-अप दुप्पट वेळ कर. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी अंगातून जातच असतं, तेव्हा तहानेची वाट बघू नको. आणि शर्यत संपल्यावर ओले कपडे आधी बदल, फोटो नंतर.

आता परत आपल्या गावाकडे. महाराष्ट्रातल्या मोठ्या शर्यतींच्या तारखा बघा. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, डिसेंबरची शर्यत म्हणून ती ओळखली गेली. मुंबई मॅरेथॉनची पहिली शर्यत १५ फेब्रुवारी २००४ ला झाली आणि नंतर ती जानेवारीत सरकली. आमची वसई-विरार महापौर मॅरेथॉन २०११ पासून, तीही अलीकडे डिसेंबरात. महानगरपालिका २००९ ची, पालघर जिल्हा २०१४ चा, म्हणजे आमची मॅरेथॉन आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी आहे! कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला खंड पडला, २०२२ मध्ये दहावी शर्यत झाली. पुढच्या फळीत बरेचदा सैन्यदलातली पोरं असतात, आणि मागे आम्ही हजारो हौशे, नवशे, गवशे.

हे सगळं वेळापत्रक थंडीभोवती फिरतं. वर्षातले जेमतेम दोन महिने आपल्याला माणसासारखं पळता येतं. मुंबईत तर तेही पुरत नाही, हौशी धावपटूंना पहाटे पाच-सव्वापाचला सोडतात, कारण सूर्य वर आला की जानेवारीतही खैर नसते. अशा हवेत ललिता बाबरने २०१४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये २:५०:३१ वेळ दिली आणि भारतीय महिलांमध्ये सलग तिसऱ्यांदा पहिली आली. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची पोर. माण म्हणजे दुष्काळ, हे समीकरण आपण शाळेपासून ऐकलेलं. पुढे ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली. ललिताची ती वेळ आणि चौगुल्यांची अँटवर्पची वेळ यांत फरक आहे चौदा सेकंदांचा. (अर्थात चौगुल्यांचा रस्ता अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होता.) या चौदा सेकंदांतून काही सिद्ध होत नाही. पण बेळगाव आणि माण, १९२० आणि २०१४ हे असे शेजारी येऊन उभे राहिले की बरं वाटतं.

आमच्याकडे दरवर्षी दिसणारं दृश्य मात्र उलटं आहे. पहिली थंडी पडली की लोक पळायला सुरुवात करतात. नवे बूट, नवं ॲप, पहिल्याच रविवारी दहा किलोमीटर, दुसऱ्या रविवारी गुडघा. शर्यत डिसेंबरात असेल तर सोळा आठवड्यांचा सराव ऑगस्टमध्येच सुरू व्हायला हवा. म्हणजे भर पावसात, डबक्यांतून, बूट रात्रभर पंख्याखाली वाळवत. मग गणपती-नवरात्रीच्या धांदलीत आठवड्याचे चार दिवस काढायचे. मग ऑक्टोबर, सगळ्यांत नकोसा महिना, पहाटे साडेपाचलाच चिकट हवा, वेग पडतो, घड्याळाकडे बघवत नाही. ऑक्टोबरमध्ये बहुतेक जण सोडतात. जो टिकतो त्याला नोव्हेंबरच्या अखेरीस एक दिवस बक्षीस मिळतं: तीच मेहनत, तोच रस्ता, आणि किलोमीटरमागे वेळ आपोआप उतरलेली. काही वेगळं केलेलं नसतं, फक्त हवा गार झालेली असते. थंडी ही आमची मजुरी आहे. काम आधीच झालेलं असावं लागतं.

हिवाळ्याची एक खोट सांगून ठेवतो. गार पहाटे हवा स्थिर असते, धूळ आणि पालापाचोळा जाळल्याचा धूर खालीच बसून राहतो. मुंबई परिसरातली हिवाळ्यातली हवा अलीकडे काही चांगली राहिलेली नाही. मी तरी लांबच्या पळण्यासाठी महामार्गाकडे जायच्या ऐवजी वाड्यांमधून भुईगावच्या समुद्राकडे जातो. आणि खिशात जेलऐवजी सुकेळी. आमच्या राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी ही चघळायला थोडी चिवट, पण पंचविसाव्या किलोमीटरला परदेशी पाकिटापेक्षा कैक पटींनी चविष्ट. (याचा वैज्ञानिक पुरावा माझ्याकडे नाही, जिभेचा आहे.)

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी हॉकीचं सुवर्ण आलं आणि आपला ऑलिंपिकचा इतिहास लोकांच्या लेखी तिथून सुरू झाला. अँटवर्पचे सहा जण त्याच्या आधीचे, त्यामुळे प्रस्तावनेत गेले. पण मला वाटतं त्या सहांपैकी निदान एकाने एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलं होतं. बर्फात वाढलेल्या माणसांबरोबर, त्यांच्या हवेत, त्यांच्या रस्त्यावर, नेहमीपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त पळून तो बेळगावकर एकोणिसावा आला होता.

पुढच्या वेळी कोणी शरीराच्या ठेवणीविषयी बोललं की मी आता वाद घालत नाही. फक्त विचारतो, किलोमीटरला चार मिनिटं, बेचाळीस किलोमीटर, पावसात, १९२० साली. जमेल?

बाकी ऑगस्ट फार लांब नसतो. बूट बाहेर काढून ठेवा.